मोफत देवमासा

घाटंजीत कोणी वारलं, तर ते जीवन इंगोलेने सांगितल्याशिवाय लोक पक्कं धरत नाहीत. मागे एका घरच्यांनी काटकसर म्हणून त्याला बोलावलं नाही. तेरवी उरकल्यावरही लोक त्या म्हाताऱ्याची तब्येत विचारत होते, आणि एकाने तर त्याला बाजारात वांगी घेताना पाहिल्याचं सांगितलं.

जीवन ऑटो चालवतो, पण सवाऱ्या घेत नाही. टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर आणि बॅटरी, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात माईक. नळ कधी सुटणार, कोणाची बकरी हरवली, कोणत्या दुकानात सेल लागला, कोणाची अंत्ययात्रा कुठून निघणार, हे सगळं गाव त्याच्याच आवाजात ऐकतं. माणूस पंचेचाळिशीचा, सडपातळ. माईक नसला की त्याचा आवाज निम्म्यावर येतो. चारचौघांत तो शब्द शोधत बोलतो आणि समोरच्याच्या चपलांकडे बघतो. "घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगत नाईत," असं त्याची बायको कौसल्या म्हणते. "याईले जेवताना बी भोंगाच लावून द्या लागते."

अलीकडे भाजीवाल्यांनी गाड्यांना रेकॉर्ड केलेली छोटी यंत्रं टांगली आहेत. एकदा बोलून ठेवलं की दिवसभर तेच वाजतं. जीवन त्या यंत्राला पोपट म्हणतो. काही दुकानदारही आता पोपटाकडे वळले आहेत. "पोपटाले मजकूर समजते काय?" असं जीवन विचारतो. त्याला स्वतःला मजकूर समजतो, इतका की दिलेला मजकूर तो कधीच तसाच वाचत नाही. गिऱ्हाईक कागदावर लिहून देतं तो त्याच्या दृष्टीने कच्चा माल. त्याला फोडणी द्यायची, मग वाढायचा. साड्यांचं दुकान असेल तर तो 'भव्य' म्हणतो, दुकान भव्य नसेल तर 'अतिभव्य' म्हणतो.

या फोडणीचा चटका एका माणसाला फार वर्षांपूर्वी बसला. कौसल्याचे वडील, नेरचे मारोतराव गावंडे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ते लेकीकडे आले होते, आणि जावयाने बाजारात 'लुंगीवर लुंगी मोफत' असं सांगितलेलं ऐकून हौसेने दुकानात गेले. विकतची लुंगी ठीक होती. मोफतची गुडघ्याच्या वरच थांबली. मारोतरावांनी तक्रार केली नाही. त्यांनी ती लुंगी खांद्यावर टाकली आणि तेव्हापासून घाटंजीला येताना ते दुपट्ट्याऐवजी तीच आणतात. जेवण झालं की जावयासमोर बसून सावकाश तिला हात पुसतात. जावई काही सांगायला लागला की म्हणतात, "हाव, हाव. लुंगीवानीच असन."

जीवनला गावाने नावं ठेवली तर त्याचं काही वाटत नाही. ही लुंगी मात्र त्याला सलते. कधीतरी एकदा सासऱ्यांनी आपल्या तोंडचं काही खरं धरावं, एवढी त्याची इच्छा होती. ती यंदा पुरी झाली, आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला.

मृगाला थोडेच दिवस राहिले होते. शाळांना सुट्ट्या होत्या आणि ऊन असं होतं की दुपारी कुत्रीसुद्धा कुलरखाली येऊन पडत. अशात अर्पिता मुनेश्वर नावाच्या शिक्षिका जीवनकडे कागद घेऊन आल्या. कोकणातून एक संस्था येणार होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, जिथे पूर्वी रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या, तिथे मुलांसाठी समुद्र उभा करणार होती. कागदावर होतं ते असं: 'निवासी अनुभव शिबिर. विषय: देवमासे आणि डॉल्फिन. इयत्ता सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी. देवमासा एका श्वासावर तासभर पाण्याखाली कसा राहतो? श्वासाचे रहस्य प्रत्यक्ष अनुभवा. शुल्क नाही. नावनोंदणी आवश्यक.'

"नावं कमी आली आहेत, जीवनभाऊ," अर्पिता म्हणाल्या. "पालक विचारतात, इथून समुद्र दिसत नाही, मग पोट्ट्याईले शिकून काय करायचं."

जीवनने कागद दोनदा वाचला. मजकूर स्वच्छ होता आणि त्याला अजिबात चव नव्हती. 'इयत्ता सातवी ते नववी' ऐकून म्हातारी माणसं दारातून आत जातात, 'नावनोंदणी आवश्यक' ऐकून तरणी जातात. त्याने ती दोन्ही वाक्यं गाळली. दुपारी ऑटो बसस्टँडवरून निघाला तेव्हा मजकूर शिजून तयार होता.

"आला, आला, आला. घाटंजीकरांनो, देवमासा आला. सातासमुद्रापलीकडचा देवमासा, आपल्या जुन्या जिनिंगवर. उद्या सकाळपासून श्वासाचं रहस्य, देवमासा शिबिर. अगदी मोफत. येताना लेकराबाळांना आणा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणा. मागून म्हणू नका, जीवनने सांगितलं नाही."

यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. जीवन हे पुढे अनेकांना सांगणार होता.

पण तालुक्याच्या गावात शब्दांचे अर्थ ठरलेले असतात. 'शिबिर' म्हणजे फुकट इलाज. डोळ्यांचं शिबिर असतं, रक्तदाबाचं असतं, जनावरांच्या लसीचं असतं. शिकायचं शिबिर हा प्रकार घाटंजीने ऐकलेला नव्हता. त्यात मृग तोंडावर आलेला. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला दम्याचं औषध देतात, बोटभर जिवंत मासोळीच्या तोंडात गोळी घालून, आणि ती मासोळी उपाशीपोटी गिळायची. या भागातली दमेकरी माणसं दरवर्षी त्यासाठी गाडी पकडतात. कान टवकारून बसलेल्या अशा माणसांनी 'मासा', 'श्वास', 'मोफत' आणि 'शिबिर' हे चार शब्द एका दमात ऐकले. औषध हा पाचवा शब्द त्यांनी आपापल्या पदरचा घातला.

त्याच वेळी कौसल्या अंगणातून वडिलांशी फोनवर बोलत होती. ऑटो घरावरून गेला.

"हे काय वाजून राह्यलं?" मारोतरावांनी नेरहून विचारलं.

"तुमचे जवाई, बाबा. दुसरं कोन?"

"थांब. ऐकू दे."

कौसल्याला आश्चर्य वाटलं. वडिलांनी जावयाचा भोंगा ऐकू दे म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने फोन रस्त्याकडे धरला. ऑटो दूर गेल्यावर मारोतराव एवढंच म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवून दिला. त्यांना दमा होता. कापसाच्या शेतात उभं आयुष्य गेलेल्या माणसाचा जुना दमा, रात्री भिंतीला टेकून बसवणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे होते. यवतमाळला बस बदलून आले होते. खांद्यावर ती लुंगी आणि हातात झाकणाचा स्टीलचा डबा.

"या, मामाजी," जीवन त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाला. "फोन तरी करायचा. कौसल्या, चहा ठेव."

"चहा नोको," मारोतराव बसत म्हणाले. बोलताना मध्ये थांबून ते श्वास गोळा करत होते. "काल रात्रीपासून पोटात काही घेतलं नाई. औषधाचा नियम असते तो."

"कोणतं औषध?"

"तुमीच त सांगतलं. देवमाशाचं."

जीवनने बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्याकडे पाहतच होती.

"आणि हा डबा?" तिने विचारलं.

"शेजारच्या घनश्यामले येता आलं नाई. त्याच्यासाठी एक घेऊन जातो म्हटलं." मारोतरावांनी डबा पायाशी ठेवला आणि जरा वेळाने, मोठ्या कष्टाने, ते वाक्य उच्चारलं जे ऐकायला जीवन इतकी वर्षं थांबला होता. "जवाईबापू, तुमच्या भोंग्याले म्या लय नावं ठेवले. पण हैदराबादचं औषध तुमी घाटंजीत आणलं, हे मोठं काम केलं. काल बसस्टँडवर लोकाईले सांगतलं म्या, माहा जवाईच सांगून राह्यला म्हणून."

जीवन पाणी आणतो म्हणून आत गेला. कौसल्या मागोमाग आली.

"सांगा त्याईले," ती हळू आवाजात म्हणाली.

"तू सांग. तुहे बाबा हायेत."

"भोंगा कोनाचा हाय?"

"म्या औषध म्हटलंच नाई."

"मंग तेच सांगा. म्हातारा मानूस उपाशी बसला हाय."

जीवन पाण्याचा गडू घेऊन बाहेर आला, मारोतरावांसमोर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मामाजी, ऊन लय हाय यंदा."

"हाव," मारोतराव म्हणाले. "चला, नंबर लावू. गर्दी असन."

गर्दी होती. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती, कोणाच्या हातात पाण्याची पिशवी, कोणाकडे बरणी, सगळी उपाशी आणि सगळी थोडी थोडी धापा टाकणारी. मध्येमध्ये सातवी ते नववीची मुलं खांद्याला दप्तरं लावून उभी होती. रांग का लागली हे त्यांना समजत नव्हतं, पण रांग आहे तर पुढे काहीतरी असणार म्हणून तीही ढकलाढकली करत होती. आजवर जीवनच्या कोणत्याही सेलला एवढी माणसं आली नव्हती. अशा परिस्थितीतही हे त्याच्या लक्षात आलं, आणि पोपटाला हे जमलं असतं का, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

अर्पिता मुनेश्वर फाटकाजवळच भेटल्या. "जीवनभाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"मॅडम, औषध म्या म्हटलं नाई. कोनालेबी विचारा."

"मी विचारलं. सगळे म्हणतात, जीवनने सांगितलं."

रांगेतल्या विमलताई पुढे आल्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात नातवाची पाण्याची बाटली. "बापा जीवन, माळकऱ्याले गुळातून भेटते ना इथं? हैदराबादले भेटते म्हणतात."

जीवनला काही सुचण्याआधी गोदामातून एक तरुण बाई बाहेर आली. रापलेला चेहरा, टोपी, गळ्यात शिट्टी. ही सुरभी तांडेल. कोकणातल्या मच्छीमार घरातली मुलगी, समुद्रातल्या प्राण्यांचं शिकून हे शिबिर गावोगावी नेणारी. इतकी माणसं देवमासा पाहायला आलेली बघून ती मनापासून खूश झाली होती, कारण तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

"मासा केवढा हाय, बाई?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"पंचवीस मीटर," सुरभी अभिमानाने म्हणाली. "खऱ्या मापाचा."

रांगेने आपापल्या पिशव्या-बरण्यांकडे पाहिलं. माणसं मनातल्या मनात मोजत होती.

"मंग गिळायचा कसा?" मागून आवाज आला.

"तुकडे करून देत असतीन," विमलताई म्हणाल्या.

अर्पितांनी सुरभीला बाजूला नेऊन समजावलं. सुरभीचा चेहरा आधी पडला, मग ती हसली, मग रांगेतल्या धापा टाकणाऱ्या माणसांकडे पाहून तिचं हसू मावळलं. तिने कागदावर दोन ओळी लिहून जीवनच्या हातात दिल्या. "हे सांगा. यातला एक शब्द वाढवायचा नाही."

आजवर जीवनने अंत्ययात्रेची वेळ बदलल्याचं सांगितलं होतं, सापडलेल्या बकरीचं सांगितलं होतं. स्वतःचं बोलणं मागे घेतल्याचं कधी सांगितलं नव्हतं. ऑटो फाटकासमोर उभा होता. मागच्या सीटवर, ॲम्प्लिफायरशेजारी, मारोतराव डबा मांडीवर घेऊन बसले होते, कारण उन्हात उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणजे हात लांब केला असता तर जीवनचा हात सासऱ्यांच्या खांद्याला लागला असता. तिथे वळून, त्यांच्याकडे बघून, साध्या आवाजात दोन वाक्यं बोलली असती तरी भागलं असतं. जीवनने पुढे बघत माईक उचलला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते," दोन्ही भोंग्यांमधून आवाज निघाला, "की हे शिबिर शाळेच्या मुलांना देवमाशाची माहिती देण्यासाठी आहे. येथे दम्याचे किंवा कोणतेही औषध दिले जात नाही. कृपया उपाशी राहू नये."

आवाज जिनिंगच्या भिंतीवर आपटून परत आला. जीवनने मान वळवली नाही. मागून बराच वेळ फक्त श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

रांग मात्र तसूभर हलली नाही. उलट दाटली.

"संपलं असन," एकजण म्हणाला.

"संपलं नाई, वशिल्याच्या लोकाईले ठेवलं असन," दुसऱ्याने दुरुस्ती केली. "जीवन असा कधी बोलते काय? ना आला आला, ना काही. त्याले कोनीतरी लिहून देल्लं हाय."

हे मात्र खरंच होतं.

"जवाईबापू," मागून मारोतराव म्हणाले.

"जी, मामाजी."

"माह्याशी बोलून राह्यले होते काय हे?"

जीवनने हँडलकडे पाहत मान हलवली.

"मंग भोंगा बंद करून सांगायचं ना. म्या इथंच त बसलो हाय." मारोतरावांनी लुंगीने कपाळ पुसलं. खूप सावकाश पुसलं. "पहिल्यांदा खरं बोलले, त कोनी ऐकून नाई राह्यलं. आता चहा सांगा."

चहा आला, सोबत पाव आले. अर्पितांनी रांगेतल्या सगळ्यांसाठीच चहा मागवला, आणि चहा पोटात गेल्यावर औषधाचा नियम मोडला म्हणून बरीच रांग आपोआप विरली. हे अर्पितांनी मुद्दाम केलं की नकळत, यावर घाटंजीत दोन मतं आहेत. विमलताईंसारखी काही माणसं उरली. मारोतरावही उरले. यवतमाळला बस बदलून आलो आहे तर देवमासा पाहूनच जाईन, असं त्यांचं म्हणणं. सुरभीने आधी मुलांना आत नेलं, आणि मग उरलेल्या मोठ्यांना. जीवनला जायचं नव्हतं. कौसल्याने फोनवर सांगितलं होतं, बाबांना सोडून हलायचं नाही.

गोदामाच्या खिडक्यांना निळं कापड लावलेलं होतं, त्यामुळे आतली माणसं निळी दिसत होती. एका कोपऱ्यात मुलांनी डोळ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि तोंडाने टकटक आवाज करून, डॉल्फिनसारखा, परत येणाऱ्या आवाजावरून भिंत ओळखायचा प्रयत्न चालला होता. दोघं एकमेकांवर आपटले होते. आणि मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, देवमासा पडला होता. काळ्या प्लास्टिकचे तागे शिवून केलेला, शेपटीकडे चार कुलरचे पंखे लावून फुगवलेला. कोकणात तो साध्या पंख्यांवर फुगायचा. इथे अर्पितांनी गावातून कुलर मागवले होते, पाण्यासकट, आणि देवमाशाच्या पोटात घाटंजीतली सर्वांत थंड हवा होती. जबड्याच्या फटीतून वाकून आत जायचं. पोटात उभं राहता येत होतं.

"याला आपण देवमासा म्हणतो," सुरभी म्हणाली, "पण हा मासा नाहीच."

मारोतरावांनी जावयाकडे पाहिलं. "देव नाई, औषध नाई, आता मासाबी नाई. तुमच्या मालात हाय काय, जवाईबापू?"

विमलताई पदर तोंडाला लावून हसल्या.

"सस्तन प्राणी आहे, काका," सुरभी म्हणाली. "पिल्लाला दूध पाजतो. आणि माशासारखा पाण्यातली हवा घेत नाही, आपल्यासारखी फुप्फुसं आहेत. वर येऊनच श्वास घ्यावा लागतो. आपला श्वास झोपेतही चालू राहतो. याचा नाही. याला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. पूर्ण झोपला तर गुदमरेल. डॉल्फिनमध्ये हे नीट अभ्यासलं आहे: अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो, श्वासाची आठवण ठेवायला."

जीवनला वाटलं, हे वाक्य भोंग्यावर चांगलं वाजलं असतं. मारोतराव मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून देवमाशाच्या बरगड्यांकडे बघत होते. त्या पांढऱ्या रंगाने प्लास्टिकवर काढलेल्या होत्या.

"प्रत्येक श्वास आठवण ठेवून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रात्रभर?"

"जन्मभर."

"मंग थो माहा भाऊच झाला," मारोतराव म्हणाले.

आणि लाइन गेली.

कुलर घरघरत थांबले. पोटातला दिवा विझून अंधार झाला, वरचं प्लास्टिक आधी थरथरलं, मग सावकाश खाली यायला लागलं. पोटात उभी असलेली माणसं आधी वाकली, मग बसली.

"पाह्य ना," अंधारात मारोतरावांचा आवाज आला, "देवमाशालेच दमा लागला."

सगळे हसले, आणि हसण्याबरोबर श्वास ओढला गेला, आणि श्वासाबरोबर रुईची धूळ. गोदाम झाडून घेतलं होतं, पण इतक्या वर्षांची रुई झाडूने जात नाही. ती भेगांत, कौलांत, कोळ्यांच्या जाळ्यांत बसलेली असते, आणि खाली येणाऱ्या एवढ्या मोठ्या प्लास्टिकने ती सगळी उठवली होती. मारोतराव खोकायला लागले. खोकला थांबेना. दम्याच्या माणसांना आणून बसवायला अख्ख्या तालुक्यात याहून वाईट जागा मिळाली नसती, आणि ती जागा जीवनने गावभर भोंग्यावरून सांगितली होती.

तो जबड्याकडे धावला. फट मिटत आली होती. त्याने खाली हात घालून प्लास्टिक उचललं, खांद्यावर घेतलं, आणि देवमाशाचा वरचा जबडा डोक्यावर धरून उभा राहिला.

"मामाजी, इकडं," तो ओरडला. माईकशिवाय एवढा आवाज त्याने क्वचितच काढला असेल. "वाका. माह्या आवाजाकडं या. लुंगी नाकाले बांधा, लुंगी."

आधी विमलताई बाहेर आल्या, मग बाकीचे, मग मारोतराव, गुडघ्यांवर रांगत, तोंडावर मोफत लुंगी घट्ट धरलेली. नाकापासून गळ्यापर्यंत तिचं माप बरोबर होतं.

सगळ्यात शेवटी सुरभी निघाली आणि तीही खोकत होती. कोकणात मीठ असतं, वारा असतो, रुई नसते. बाहेर कडुनिंबाखाली बसून तिने खिशातून निळा पंप काढला, हलवला, तोंडाला लावून ओढला आणि श्वास धरून ठेवला. मारोतराव धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले.

"तुमाले बी?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. श्वास सोडल्यावर म्हणाली, "लहानपणापासून. तुमचा पंप कुठाय, काका?"

मारोतरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पंप काढला. डॉक्टरने दिलेला. पिशवीची गाठ अजून दुकानातलीच होती.

"सवय लागते म्हणतात," ते म्हणाले.

"श्वासाची सवय तर आधीच लागलीय ना, काका. ती कुठे सुटतेय?"

मारोतरावांना हसू आलं आणि त्याचा पुन्हा खोकला झाला. सुरभीने पंप उघडून दिला. आधी हलवा, मग सगळा श्वास सोडा, मग दाबताना ओढा. "आता धरून ठेवा. देवमाशासारखा." मारोतरावांनी डोळे मिटून श्वास धरला. जीवन समोर उभा होता, केसांत रुई, अंगभर काळ्या प्लास्टिकची धूळ, आणि नकळत त्यानेही धरला. त्याचा आधी सुटला.

जरा वेळाने शिट्टी हळू झाली. "हा रोजचा इलाज नाही," सुरभीने दोनदा बजावलं. "डॉक्टरकडे जाऊन रोजचं औषध विचारा. आणि इथे औषध मिळतं असं कुठेही सांगू नका." हे दुसरं वाक्य तिने जीवनकडे बघून म्हटलं.

मारोतराव रात्री लेकीकडे वांग्याची भाजी आणि पोळी जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी सवयीने लुंगीकडे हात नेला, पण ती कौसल्याने धुवून दोरीवर टाकली होती. जावयासमोर ते थोडा वेळ ओले हात घेऊन बसले. मग धोतराला पुसले.

"मामाजी," जीवन त्यांच्या पायांकडे बघत म्हणाला. घरात भोंगा नव्हता. "चुकलं माह्यं."

"औषध तुमी म्हटलंच नोतं," मारोतराव म्हणाले. "म्या मनानंच ऐकलं. पण लुंगीचं मात्र तुमीच म्हटलं होतं."

सकाळच्या बसने ते गेले. घनश्यामसाठी आणलेल्या डब्यात कौसल्याने लोणचं भरून दिलं.

शिबिर पुढे नीट झालं. गोदाम पाणी मारून धुतलं गेलं, मोठ्यांना आत सोडणं बंद झालं, आणि मुलांनी देवमाशाला 'मारोती' हे नाव ठेवलं ते शेवटपर्यंत टिकलं. औषध वशिल्याच्या लोकांना वाटून टाकलं, असं मानणारी माणसं घाटंजीत अजून आहेत. जीवनने त्यांना समजावणं सोडलं आहे.

नंतर एका बाजाराच्या दिवशी कौसल्या फोनवर बोलत असताना ऑटो पुन्हा घरावरून गेला. कापडाच्या त्याच जुन्या दुकानाचा सेल होता.

"काय सांगून राह्यले आज?" मारोतरावांनी नेरहून विचारलं.

"ऐका," म्हणून कौसल्याने फोन रस्त्याकडे धरला.

"अतिभव्य सेल," भोंगे म्हणत होते. "लुंगीवर लुंगी मोफत. बंधूंनो, मोफत." इथे आवाज थांबला. भोंगा सुरूच होता, नुसती खरखर येत होती. कौसल्या दारापर्यंत आली. ऑटोत जीवन माईक तोंडाशी धरून बसला होता, समोरच्या रस्त्याकडे बघत. "मोफतची लुंगी," तो शेवटी म्हणाला, "गुडघ्यापर्यंत येते."

ऑटो पुढे गेला. कौसल्याने फोन कानाला लावला.

"एक घेऊन ठेव माह्यासाठी," मारोतराव म्हणाले.